मार्च-एप्रिलचा बर्फ, दुपारचं ऊन आणि हिमस्खलन

लिंगाण्याचा_शेजारी (धागाकर्ता)

रविवारी भाच्याचा फोन. "मामा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मनालीकडे चाललोय, आठ जण. वर कुठेतरी बर्फातला दोन-तीन दिवसांचा ट्रेकपण करू म्हणतोय. आता ऊन पडायला लागलंय, म्हणजे ते ॲव्हलांचचं वगैरे टेन्शन नाही ना?"

मी वीस मिनिटं बोललो. मागे टीव्हीवर मॅच चालू होती, तेव्हा किती पोचलं देव जाणे. म्हणून इथे लिहून ठेवतोय, लिंक पाठवली की झालं.

आपलं सह्याद्रीवाल्यांचं डोकं पावसाळ्याच्या हिशेबाने चालतं. पाऊस थांबला, कातळ वाळला, शेवाळ गेलं की वाट चांगली. तोच हिशेब आपण बर्फाला लावतो: थंडी संपली, ऊन आलं, धोका टळला. बर्फाचं नेमकं उलटं आहे. थंडीतला धोका वेगळा आणि उन्हाचा वेगळा. उन्हाचा धोका तर घड्याळ लावून येतो.

माझा अनुभव सांगतो. बारा वर्षांपूर्वी, मे महिना, हिमाचलातली सर पास ही खिंड. नगारूच्या तंबूंतून रात्री तीनला निघायचं ठरलं होतं. आमच्या गटात एकाला बूट सापडेनात, एकाला पोटाची तक्रार, दोघांचं "पाच मिनिटं" चाललेलं. निघायला पाच वाजले. वाटाड्या काही बोलला नाही, पण दर दोन मिनिटांनी आकाशाकडे बघत होता. पहिला चढ झकास गेला. बर्फ असा कडक की बूट आपटला तर टाचेपुरती खाच पडायची, कर्रकर्र आवाज, आणि आम्ही खूश. नऊ वाजता तोच बर्फ घोट्यापर्यंत, दहाला पिंडरीपर्यंत. साडेदहाला डाव्या हाताच्या उतारावरून लिंबाएवढे गोळे आपोआप गडगडत यायला लागले. खाली येता येता नारळाएवढे व्हायचे, मागे जिलेबीसारखी रेघ सोडायचे. आम्ही फोटो काढत होतो! वाटाड्याची शीळ मात्र बंद झाली होती. "चलो चलो, रुकना नहीं, बर्फ ढीला हो गया है."

खिंडीतून उतरून पलीकडे टेकलो आणि मागे वळून बघितलं, तर ज्या आडव्या वाटेने अर्ध्या तासापूर्वी आलो तिच्यावरून बर्फाची जीभ खाली सरकत होती. सिनेमात दाखवतात तसा पांढरा धुरळा नाही, गडगडाट नाही. मालगाडी यार्डात सरकते तसा घर्रर्र आवाज. पळणारा माणूस कदाचित निसटला असता इतकाच वेग. पण मांडीभर बर्फात पळणार कोण? थांबल्यावर वाटाड्या बाजूच्या ढिगापाशी गेला, मीही गेलो. दहा मिनिटंही झाली नसतील. काठी खुपसून बघितली तर टोक बोटभरसुद्धा आत जाईना. सिमेंट धरावं तसा ढीग धरला होता. त्यात माणूस असता तर त्याला करंगळी हलवता आली नसती.

आता हे का होतं. बर्फाचा गोळा आठवा, चौपाटीवरचा. गोळेवाला किसलेला बर्फ काडीवर दाबतो, थोडं सरबत ओततो, गोळा घट्ट होतो. पोरगं म्हणतं "भैया और डालो", तो ओततो, आणखी ओततो, आणि एका क्षणी अख्खा गोळा काडीवरून सुटून शर्टावर. उतारावरच्या बर्फाचंही असंच आहे. थोडंसं पाणी कणांना एकत्र धरतं. पाणी वाढलं की कणांमधले सांधे विरघळतात, आणि ते पाणी खाली झिरपत एखाद्या जुन्या कडक थरावर किंवा थेट गुळगुळीत गवत-खडकावर पोचलं की वरचा सगळा भार तेल लावल्यासारखा सुटतो. नुसत्या आकड्याने सांगायचं तर घनफळाच्या ३ टक्क्यांच्या पुढे पाणी गेलं की पकड ढासळायला लागते. म्हणजे हाताने दाबल्यावर पाणी टपकण्याच्या बरंच आधी.

रात्री थंडी पडली की सगळं पुन्हा गोठतं, सांधे पुन्हा घट्ट. म्हणून पहाटे तोच उतार रस्त्यासारखा आणि दुपारी दलदलीसारखा. पहाटे तीनला उठवणारा वाटाड्या तुमचा शत्रू नाही.

उतार किती? साधारण तीस ते पंचेचाळीस अंश, त्यातही पस्तीस ते चाळीस सगळ्यात वाईट. आपल्या इमारतीचा जिना तीस-पस्तीसचा असतो. म्हणजे डोळ्यांना "हे काय, सोपंय" वाटणारा उतारच. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, थोडाथोडा पडत राहतो.

आणि दिशा. सूर्य आधी पूर्वेकडचे उतार तापवतो, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे शेवटी जागे होतात, पण थंडीतले कच्चे थर तिथेच जास्त दिवस टिकून असतात. त्यामुळे ऋतूतली पहिली मोठी ऊब तिथवर पोचली की ते अचानक सुटतात.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर कान धरावा.

---

अनघा_कोथरूड

फार छान लिहिलंय, गोळ्याचं उदाहरण मुलाला वाचून दाखवलं. एक प्रश्न, जरा विषयांतर आहे. माझी आई (वय ६८) मे महिन्यात केदारनाथला जातेय, इथल्याच एका यात्रा कंपनीबरोबर. ती चालत जाणार म्हणून हटून बसलीय. त्या वाटेवर असं काही असतं का? कंपनीला विचारलं तर "मॅडम, काही नसतं" म्हणाले.

---

बोरूबहाद्दर

धागा उत्तम, पण पेपरवाल्यांचा जुना घोळ इथे तरी नको. प्रपात म्हणजे धबधबा किंवा कडा, तेव्हा "हिमप्रपात" म्हणजे बर्फाचा धबधबा. उतारावरून घसरणारा तो हिमस्खलन. शीर्षकात बरोबर आहे, एवढंच सांगायचं होतं.

---

लिंगाण्याचा_शेजारी

@बोरूबहाद्दर, मान्य. शब्दांचा खरा घोटाळा तिकडे आहे. गढवालात लोक बोलताना "ग्लेशियर आ गया" म्हणतात, आणि त्यांना म्हणायचं असतं हिमस्खलन, किंवा नाल्यात साचलेला त्याचा ढीग. हिंदी बातमीत "ग्लेशियर टूटा" वाचलं की खरोखर हिमनदी तुटली की बर्फ घसरला, हे पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही.

अनघाताई, तुमच्या प्रश्नावर मी केदारनाथला न गेलेला माणूस काय बोलणार. गेलेले आहेत इथे, येतीलच.

---

सुभेदार_निवृत्त

नोकरीतली अकरा वर्षं बर्फात काढली. ठिकाणं सांगत नाही. आमच्याकडे नियम होता, नाला ओलांडायचा तर उजाडायच्या आत. एकेक जण, मध्ये अंतर ठेवून. पिट्टूचे (पाठीवरच्या सॅकचे) पट्टे सैल, कमरेचा बकल उघडा, म्हणजे वेळ आली तर ओझं टाकता येतं. कमरेला लांबलचक लाल दोरी बांधून मागे फरफटत सोडायची. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर राहते, ती धरून खणायचं. आता यंत्रं आली, पण दोरी विसरलो नाही.

नाल्यात चहा प्यायला थांबलेल्या पोरांना मी शिव्या घातल्या आहेत. नाला म्हणजे बर्फाचा हायवे. तुम्ही सपाटीवर उभे असता, पण वर हजार फुटांवर काय चाललंय ते खालून दिसत नाही.

लोक सियाचीनचं उदाहरण देतात. फेब्रुवारी २०१६, दहा जवान गाडले गेले, त्यात आमच्या साताऱ्याचाही एक पोरगा होता. लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत निघाले, ११ तारखेला गेले. ते बघून कुणी म्हणतं की सहा दिवस जगता येतं. बाबांनो, ते लाखात एक होतं.

---

खिंडीतला_वारा

थोडं अतिच होतंय असं नाही वाटत? दरवर्षी हजारो लोक मार्च-एप्रिलमध्ये हिमाचल, काश्मीर, सिक्कीमला जातात, बर्फात खेळतात, घरी येतात. असे धागे वाचून आया पोरांना पाठवायच्या बंद होतील. ट्रेकर लोकांनी काळजी घ्यावी हे ठीक, पण सामान्य पर्यटकाला रस्त्यावर काय होणार आहे?

---

लिंगाण्याचा_शेजारी

@खिंडीतला_वारा, हे कुणीतरी म्हणणार हे माहीत होतं, आणि म्हणालात ते बरं झालं.

४ एप्रिल २०२३. गंगटोकहून नथुलाकडे जाणारा जवाहरलाल नेहरू मार्ग. दुपारी बाराच्या आगेमागे रस्त्याच्या वरच्या उतारावरून बर्फ आला. सात पर्यटक गेले. एकाच्याही हातात आइस ॲक्स नव्हती, ते ट्रेकर नव्हतेच. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते आणि दुर्घटना पंधराव्या मैलापाशी. गाडीतून उतरायचं, बर्फात खेळायचं, फोटो काढायचे, एवढाच बेत. तारीख आणि वेळ पुन्हा बघा: एप्रिल, दुपार.

आणि हे काही हौशी लोकांपुरतं नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणापाशी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या तळावर बर्फ आला. त्याखाली ५४ जण सापडले, ४६ वाचले, ८ गेले. बरेच जण लोखंडी कंटेनरमध्ये होते म्हणून वाचले, तंबूत असते तर आकडा उलटा झाला असता. तिथे उन्हापेक्षा लागोपाठ पडलेला ताजा बर्फ कारण होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण हल्ली डिसेंबर-जानेवारी कोरडे जातात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम दाणदाण पडतो, असं तिकडचे लोक सांगतात. उशिरा पडलेल्या त्या ताज्या बर्फाला लगेच मार्चचं ऊन भेटतं. हे जोडपं काही चांगलं नाही.

पोरांना पाठवू नका असं मी कुठे म्हणालो? माझाच भाचा चाललाय. पहाटे पाठवा.

---

सिएटलची_सई

इकडचा एक जुना किस्सा, विषयाला अगदी चिकटून आहे. आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर स्टीव्हन्स पास. तिथे वेलिंग्टन नावाचं छोटं रेल्वे स्टेशन होतं. १९१० च्या फेब्रुवारीत बर्फवृष्टीने दोन गाड्या तिथे अडकून पडल्या, एक प्रवाशांची आणि एक टपालाची. जवळपास आठवडाभर प्रवासी डब्यातच. मग महिनाअखेरीला हवा अचानक उबदार झाली, बर्फाऐवजी पाऊस आला, विजा चमकल्या. डब्यातल्या लोकांना वाटलं असेल, चला, सुटलो. १ मार्चला पहाटे दोनच्या आधी वरचा उतार सुटला आणि दोन्ही गाड्या दरीत. ९६ माणसं. अमेरिकेत आजवर एवढी माणसं एका हिमस्खलनात गेलेली नाहीत. पुढे त्या गावाचं नावच बदललं.

आता त्या जुन्या रेल्वेमार्गावर चालायची वाट केलीय, उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन जातो. नंतर बांधलेलं काँक्रीटचं लांबलचक छत आहे रुळांवर, वर शेवाळ, आतून पाणी ठिबकत असतं. तिथे उभं राहिलं की बडबड आपोआप कमी होते.

म्हणजे रात्र होती, ऊन नव्हतं, तरी ऊब आली. बर्फावर पडलेला पाऊस उन्हापेक्षा वाईट, हे इकडे सगळे मानतात. इथल्या हिमस्खलन केंद्राचं पत्रक हिवाळ्यात रोज येतं, नवरा ते बघितल्याशिवाय स्की गाडीला बांधत नाही. तिकडे असं काही असतं का?

---

लिंगाण्याचा_शेजारी

असतं. चंदीगडची डीजीआरई, म्हणजे संरक्षण खात्याची संस्था. जुने लोक तिला अजून "सासे" म्हणतात, ती १९६९ मध्ये मनालीत सुरू झाली. हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे जिल्हावार इशारे देते. बातम्यांत "अमुक जिल्ह्यात हिमस्खलनाचा ऑरेंज अलर्ट" येतो तो बऱ्याचदा त्यांचाच. अडचण एवढीच की आपले लोक हॉटेलचे रिव्ह्यू तासभर वाचतात आणि हे दोन मिनिटंही बघत नाहीत.

---

मास्तर_फिजिक्सवाले

मूळ लेखात एक गोष्ट राहिली, ती माझ्या धंद्यातली आहे म्हणून लिहितो. "रात्री थंडी पडली की गोठतं" हे पूर्ण बरोबर नाही. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो, कारण बर्फ आपली उष्णता सरळ आकाशात फेकत असतो. उलट रात्र ढगाळ असेल तर ढग गोधडीचं काम करतात. उष्णता परत येते, बर्फ गोठतच नाही. हिवाळ्यात आपल्याकडे निरभ्र रात्री दव जास्त पडतं, त्याच्याच कुळातली गोष्ट.

म्हणून पहाटे तीनला तंबूबाहेर येऊन आधी वर बघा. चांदण्या लखलखीत असतील तर बहुधा बर्फ कडक मिळेल. आकाश बंद असेल आणि बूट पहाटेच घोट्यापर्यंत रुतत असेल, तर लवकर निघण्याचा फायदा जवळजवळ शून्य. त्या दिवशी दुपारचा धोका पहाटेच हजर आहे असं समजा. अशा दोन-तीन उबदार रात्री लागोपाठ गेल्या की परिस्थिती सगळ्यात वाईट.

दुसरं: ताजा बर्फ ८०-९० टक्के प्रकाश परतवतो. जुना, ओला, मळका झाला की परतवणं निम्म्यावर येतं, म्हणजे तेच ऊन कितीतरी जास्त शोषलं जातं. वसंतात पश्चिमेकडच्या वाळवंटांची धूळ उडत हिमालयावर बसते, त्यानेही वितळणं वाढतं.

---

नवा_भिडू_९८

मामा मी आहे 😄 मॅच मी नाही, रूममेट बघत होता.

सगळ्यांनी वाचलं. बेत बदलला: ट्रेकवाल्याला विचारलं की किती वाजता निघणार, तर म्हणाला "आठ वाजता आरामात, नाश्ता करून". आम्ही सांगितलं तीन, नाहीतर दुसरा बघतो. तो हसला, पण हो म्हणाला. एक प्रश्न: तो बीकन नावाचा प्रकार भाड्याने घेऊ का? एकच मिळतोय.

---

लिंगाण्याचा_शेजारी

अरे, एक घेऊन काय करशील? बीकन हा रेडिओ आहे, तो पाठवतो आणि दुसऱ्याचा ऐकतो. जगभर सगळे एकाच ४५७ किलोहर्ट्झवर चालतात. तू गाडला गेलास आणि बाकी सात जणांकडे तो नसेल तर तुझा बिचारा बर्फाखाली ओरडत बसेल. आणि सगळ्यांकडे असला तरी जागा शोधायला लांब घडीची सळई आणि खणायला फावडं हवं. हाताने तो ढीग उकरत नाही, वर लिहिलंय काठीचं. शिवाय सराव हवा. स्वित्झर्लंडच्या नोंदींप्रमाणे पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांत काढलं तर दहापैकी नऊ वाचतात, अर्धा तास झाला की दहापैकी तीन. ओल्या बर्फात त्याहूनही कमी वेळ धरावा. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही, तिथे असलेलेच काढणार.

त्यापेक्षा तुम्ही आठ जणांनी तीस अंशांखालच्या उतारांचा, झाडीतून जाणारा ट्रेक निवडा, आणि वर मोठा उघडा उतार नाही हे बघा. पैसेही वाचतील. आणि आईला फोन कर.

---

चारधाम_चारदा

अनघाताई, उशिरा बघितलं. "काही नसतं" हे खरं नाही, पण घाबरण्यासारखंही नाही. लिंचोलीच्या पुढे कुबेर गदेरा, भैरव गदेरा असे नाले लागतात. थंडीभर वरून बर्फ येऊन तिथे साचतो. यात्रेआधी माणसं लावून तो कापतात आणि मधून गल्ली काढतात, दोन्हीकडे डोक्यावर जाणाऱ्या भिंती. नव्याने बर्फ आला की वाट बंद करतात, मे २०२३ मध्ये झाली होती. अशा वेळी हुज्जत घालू नका, पोलीस सांगतील तसं थांबा.

आईंना सांगा, गौरीकुंडहून पहाटे चार-साडेचारला निघायचं. त्या बर्फाच्या गल्लीत टेकायचं नाही, पाणी प्यायचं नाही, फोटो तर नाहीच. सगळे नेमके तिथेच थांबतात, कारण फोटो छान येतो. आणि एक मुक्काम वर ठेवा, त्याच दिवशी उतरायची घाई केली की परतताना नाले भर दुपारी लागतात.

---

सुभेदार_निवृत्त

बरोबर. आणि घोड्याच्या मागून चालू नका तिथे. त्याचा पाय घसरला की तुमचाही जातो.

---

अनघा_कोथरूड

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, माफी. आई काल परत आली. पहाटे सव्वाचारला निघाली होती, कंपनीचे बाकीचे सात वाजता. भैरव गदेऱ्याची गल्ली तिने सकाळी पार केली. परतताना एका ठिकाणी तासभर थांबवून ठेवलं होतं, का ते कुणी सांगितलं नाही. पाच-सहा जण पोलिसाशी भांडत होते आणि ही खाली पथारी पसरून शेंगदाण्याचे लाडू वाटत बसली होती.

फोटोला थांबलीस का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाही गं, चालता चालता भिंतीचा बर्फ तेवढा खरवडून तोंडात टाकला. मातकट लागला."